कॅक्स्टनचा चेहरा कोणी पाहिलाय?

शंका तुमच्या : जुनी छपाई आणि संग्रहातल्या वस्तू

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहिले होते की विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना उघडला. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यातली निम्मी ‘माझ्याकडे त्याचे चित्र आहे’ अशी सुरू होतात. म्हणून या वेळचे सदर सगळे त्यालाच दिले आहे. पत्रे जागेसाठी कापली आहेत. आयुष्य खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवण्यात गेल्यामुळे कापायचा हात जरा सढळ आहे, राग मानू नये.

सासऱ्यांच्या सामानात काचेच्या चौकटीतले एक मोठे छापील चित्र निघाले. छापखान्यात राजा, राणी आणि मुले आली आहेत आणि एक गृहस्थ राजाला ताजा छापलेला कागद दाखवत आहेत. खाली कॅक्स्टन आणि चौथा एडवर्ड ही नावे आहेत. चित्र त्याच काळातले आहे का? कॅक्स्टन खरंच असा दिसत होता का? – एक गृहिणी

ताई, दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण चित्र टाकून देऊ नका, त्यात बघण्यासारखे पुष्कळ आहे.

तुमच्या वर्णनावरून हे डॅनियल मॅक्लीसच्या तैलचित्रावरून केलेले एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र, दिसते. मूळ चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत १८५१ मध्ये लागले होते आणि आज ते हर्टफर्डशरमधल्या नेबवर्थ हाउसमध्ये आहे. म्हणजे प्रसंग आणि चित्रकार यांच्यामध्ये पावणेचारशे वर्षे गेली. १८५१ हे साल लक्षात घ्या. त्याच उन्हाळ्यात हाइड पार्कात काचेच्या महालात जगभरची यंत्रे मांडली होती. ‘टाइम्स’ तर १८१४ पासूनच वाफेच्या यंत्रावर छापला जात होता. अशा पिढीला आपल्या धंद्याचा एक मूळपुरुष हवा होता, आणि मूळपुरुष म्हटला की त्याच्या पाठीवर राजाची शाबासकी आलीच.

राजा सहकुटुंब छापखाना बघायला आला होता असे सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही. मात्र कल्पना अगदीच हवेतली म्हणता येत नाही. एडवर्डची बहीण मार्गारेट ही बर्गंडीची डचेस होती. कॅक्स्टनचे ट्रॉयच्या कथांचे भाषांतर अर्धवट पडले होते, ते तिने पुरे करवून घेतले. इंग्लंडमध्ये छापलेले, तारीख घातलेले पहिले पुस्तक म्हणजे तत्त्ववेत्त्यांच्या वचनांचा संग्रह, १८ नोव्हेंबर १४७७ चा. त्याचे भाषांतर राणीचा भाऊ अर्ल रिव्हर्स याने केले होते. राजवाड्याची ओळख होती, एवढे नक्की. मॅक्लीसने त्या ओळखीतून दरबार उभा केला.

जागेचीही गंमत आहे. चित्राच्या नावात छापखाना अ‍ॅल्मन्‍रीत, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या दानधर्माच्या इमारतींच्या आवारात दाखवला आहे. मठाच्या हिशेबवह्यांप्रमाणे कॅक्स्टनचे पहिले दुकान चॅप्टर हाउसजवळ, म्हणजे मठाच्या सभागृहाजवळ होते आणि त्याचे वर्षाचे भाडे दहा शिलिंग होते. अ‍ॅल्मन्‍रीतली जागा त्याने नंतर घेतली.

मला या चित्रात खटकते ते वेगळेच. त्यात कॅक्स्टन कसबी कारागीर वाटतो, आणि तो मुळात व्यापारी होता. केंटमध्ये जन्मलेला हा माणूस लंडनच्या एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारी करून आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजला गेला. तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा तो गव्हर्नर झाला, आणि पन्नाशीच्या आसपास कोलोनला छपाई शिकला. का शिकला, ते त्यानेच ट्रॉयच्या पुस्तकाच्या शेवटी सांगून ठेवले आहे. लिहून लिहून लेखणी झिजली, हात थकला, कोऱ्या कागदाकडे बघून डोळे मंदावले, आणि प्रती तर बऱ्याच जणांना कबूल केलेल्या. ते पुस्तक १४७३-७४ च्या सुमारास तिकडेच, इंग्लंडबाहेर छापले गेले. इंग्रजीत छापलेले ते पहिले पुस्तक. अशा माणसाने वेस्टमिन्स्टरला रोज छापयंत्राचा दांडा ओढला असेल असे मला वाटत नाही. त्यासाठी त्याने माणसे ठेवली होती. विंकिन द वर्ड हा त्याचा मदतनीस. कॅक्स्टनमागे तोच वारस झाला आणि छापखाना फ्लीट स्ट्रीटला घेऊन गेला.

आता चेहरा. कॅक्स्टनची म्हणून तीन चित्रे फिरत असतात.

पहिले सगळ्यात जास्त पसरलेले. १७३७ मध्ये त्याचे एक चरित्र निघाले, त्यात छान चेहरा छापला आहे. तो आहे बुर्किएल्लो नावाच्या फ्लॉरेन्सच्या कवीचा! हा कवी धंद्याने न्हावी होता आणि १४४९ मध्ये वारला, म्हणजे कॅक्स्टनने खिळ्याला हात लावण्याच्या वीसेक वर्षे आधी. कोणीतरी त्याच्या पुस्तकातले चित्र उचलले, थोडे फिरवले आणि खाली नाव बदलले. पुढे ते या पुस्तकातून त्या पुस्तकात जात राहिले.

दुसरे लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीतल्या हस्तलिखितात आहे. अर्ल रिव्हर्स गुडघे टेकून राजाला पुस्तक देतो आहे आणि शेजारी आणखी एक जण गुडघ्यावर बसला आहे. हा दुसरा म्हणजे कॅक्स्टन, असे पुष्कळ वर्षे छापले गेले. पण पुस्तक हाताने लिहिलेले आहे. तेव्हा शेजारी बसलेला त्याचा लेखनिक असण्याचाच संभव जास्त. छापणाऱ्याचे तिथे काय काम?

तिसरे मला सर्वात जवळचे वाटते. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत ट्रॉयच्या पुस्तकाची जी प्रत आहे, तिच्यात एक ताम्रपटावरून छापलेले चित्र आहे. एक माणूस गुडघे टेकून मार्गारेटला ग्रंथ अर्पण करतो आहे, भोवती दासी आहेत, आणि समोर जमिनीवर एक माकड त्याच्याच हालचालीची नक्कल करते आहे. हा कॅक्स्टन असू शकतो. पण चित्रकाराने ग्रंथ अर्पण करणाऱ्याचे ठरावीक चित्र काढले असेल, तर नाक-डोळ्यांवर विसंबून राहता येत नाही. माकडाला मात्र स्वतःचा चेहरा आहे.

तुमच्या चौकटीबद्दल सांगायचे तर अशी एन्ग्रेव्हिंग्ज घरोघरी लावण्यासाठी भरपूर छापली जात. मोठ्या रकमेची आशा ठेवू नका. मागचा पुठ्ठा पिवळा पडला असेल तर आम्लमुक्त पुठ्ठा घालून घ्या, ऊन लागू देऊ नका आणि डाग काढायला कोणाकडेही देऊ नका.

ब्रिटनच्या १९७६ च्या टपाल तिकिटांचा चारचा संच माझ्याकडे आहे, ‘ब्रिटिश छपाईची ५०० वर्षे’. पण मेजावर १८७७ च्या कॅक्स्टन महोत्सवाचा एक कार्यक्रमपत्रही आहे, त्यावर ४०० वर्षे म्हटले आहे. हिशेब एक वर्षाने चुकतो. कोणाचे बरोबर? – तिकिटे जमवणारा एक बँक कर्मचारी

दोघांचेही, आपापल्या काळापुरते. १८७७ मध्ये लोकांपुढे सर्वात जुना पक्का पुरावा होता तो तारीख घातलेल्या त्या वचनसंग्रहाचा, म्हणजे १४७७ चा. त्यावरून त्यांनी ४०० वर्षे मोजली. पुढे १९२८ मध्ये लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात एक छोटा छापील कागद सापडला. पापक्षमेचे प्रमाणपत्र होते ते. देणगी देणाऱ्याचे नाव आणि तारीख भरायला जागा सोडलेल्या, हाताने तारीख भरलेली – १३ डिसेंबर १४७६. म्हणजे तोवर वेस्टमिन्स्टरला यंत्र चालू झालेले होते. वर सांगितलेली भाड्याची नोंदही १४७६ च्या मायकलमसपासूनची, आणि मायकलमस म्हणजे २९ सप्टेंबर. तुमची तिकिटे कोणत्या तारखेला निघाली ते पाहा, २९ सप्टेंबर १९७६. तिकीटखात्याने अभ्यास केला होता असे म्हणायला हरकत नाही.

इंग्लंडमधला तारीख कळणारा पहिला छापील तुकडा म्हणजे महाकाव्य नाही, धर्मग्रंथ नाही, एक भरायचा फॉर्म! ज्या छापखान्यांनी पावतीपुस्तके आणि लग्नपत्रिकांवर दिवस काढले त्यांना यात नवल वाटणार नाही. ग्रंथाला महिनोन्‌महिने भांडवल अडकते, फॉर्मचे पैसे त्याच आठवड्यात मिळतात.

आता तिकिटे. रिचर्ड गे यांनी ती केली. साडेआठ पेन्सवर कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला (यात्रेकरूंनी सांगितलेल्या गोष्टी) लाकडी ठसा आहे, दहा पेन्सवर ‘ट्रीटिस ऑफ लव्ह’मधला मजकूर, अकरा पेन्सवर बुद्धिबळाच्या पुस्तकातला ठसा आणि तेरा पेन्सवर जुने छापयंत्र. यात दोन बारीक गोष्टी आहेत, त्या तुमच्या अल्बमच्या पानावर लिहून ठेवा. ‘ट्रीटिस ऑफ लव्ह’ कॅक्स्टनचे नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर विंकिन द वर्डने छापले. आणि ‘कँटरबरी टेल्स’ची १४७६-७७ ची पहिली आवृत्ती बिनचित्राची होती. ठसे आले ते १४८३ च्या सुमाराच्या दुसऱ्या आवृत्तीत. तेही काटकसरीने, कारण काही ठसे एकाहून अधिक यात्रेकरूंसाठी वापरले आहेत. वाचकांनी कुरकुर केली असेल, पण एक ठसा कोरायला किती दिवस जातात हे ज्याने पाहिले आहे तो कुरकुर करणार नाही.

बुद्धिबळाच्या पुस्तकाचेही तसेच. पहिली आवृत्ती १४७४ ची, ब्रुजची, चित्रांशिवाय. तिकिटावरचा ठसा नंतरच्या वेस्टमिन्स्टर आवृत्तीतला.

तुमचा १८७७ चा कार्यक्रमपत्र नीट जपा. त्याच महोत्सवासाठी ३० जून १८७७ रोजी एक बायबल बारा तासांच्या आत ऑक्सफर्डला छापून, लंडनला बांधून तयार केले होते, फक्त शंभर प्रती. ग्लॅडस्टनने उद्‌घाटनाच्या वेळी त्याची प्रत लोकांना दाखवली. ते बायबल कुठे नजरेस पडले तर मला जरूर कळवा. विकत घेणे मला जमणार नाही, पण हातात धरायला आवडेल.

माझ्याकडे २०११ चे दोन पौंडांचे ब्रिटिश नाणे आहे. किंग जेम्स बायबलचे. डाव्या बाजूची अक्षरे आरशात बघावी तशी उलटी आली आहेत. टाकसाळीची चूक असेल तर नाणे महाग विकले जाईल ना? – महाविद्यालयीन विद्यार्थी

नाही, मित्रा. ती कल्पनाच तशी आहे. डावीकडे उलटी दिसतात ते खिळे, उजवीकडे सुलटे दिसते ते त्यांचे छापील रूप. मजकूर दोन्हीकडे एकच, योहानाच्या शुभवर्तमानातले पहिले वाक्य. पॉल स्टॅफर्ड आणि बेंजामिन राइट यांची ही रचना १६११ च्या बायबलला ४०० वर्षे झाली म्हणून काढली. अशी ९,७५,००० नाणी चलनात आली.

मला ते नाणे फार आवडते, कारण टाकसाळीतल्या माणसाला उलट्याचे सुलटे करावे लागले. नाण्याचा ठसा स्वतः उलटा असतो. तेव्हा नाण्यावर उलटी अक्षरे उठवायची तर ठशात ती सुलटी हवीत. खिळे जुळवणाऱ्याला उलटे वाचण्याची सवय असते, पण इतके फेरे आमच्या वाट्याला आले नाहीत.

खरी चूक हवी असेल तर १६३१ चे बायबल शोध. राजाचा मुद्रक रॉबर्ट बार्कर, ज्याने १६११ चे छापले तोच, आणि त्याचा भागीदार मार्टिन लुकस. दहा आज्ञांत व्यभिचाराच्या आज्ञेतला ‘नॉट’ गळला आणि आज्ञा झाली ‘व्यभिचार कर’. दंड ३०० पौंड, प्रती गोळा करून नष्ट करण्याचा हुकूम. ज्या थोड्या वाचल्या त्यांच्यासाठी संग्राहक आज रांगा लावतात. खिळे जुळवणाऱ्या त्या जुळाऱ्याचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणी करत नाही.

एका ऑनलाइन लिलावात ‘कॅक्स्टनचे अस्सल पान, लंडन १४७७’ म्हणून एक कागद घेतला. वर छापयंत्राचे चित्र, खाली काळ्या गॉथिक अक्षरांत मजकूर, तळाशी मोठे अक्षरचिन्ह – डब्ल्यू, मध्ये ७४ सारखे काही, मग सी. कागद जाड, चामड्यासारखा. विकणारा म्हणतो प्रमाणपत्र देतो. पैसे परत मागावेत का? – सेवानिवृत्त अभियंता

मागा, आणि लवकर.

तुमच्या कागदावरच तीन साक्षीदार उभे आहेत. पहिला म्हणजे ते चिन्ह. ते कॅक्स्टनचेच आहे, पण त्याने ते पहिल्यांदा वापरले १४८७ मध्ये, पॅरिसहून छापून आणवलेल्या एका प्रार्थनापुस्तकात. १४७७ च्या कागदावर ते कसे येईल? दुसरा म्हणजे छापयंत्राचे चित्र. कॅक्स्टनने आपल्या कुठल्याही पुस्तकात यंत्राचे चित्र छापलेले नाही. इंग्लंडमध्ये चित्र असलेले पहिले छापील पुस्तक तेच मुळी १४८१ चे, ‘मिरर ऑफ द वर्ल्ड’. तिसरा ‘लंडन’. तो वेस्टमिन्स्टरला होता आणि तेव्हा वेस्टमिन्स्टर हे लंडन शहराच्या वेशीबाहेरचे गाव. आठवणीची वस्तू म्हणून असे कागद पुष्कळ छापले गेले आणि त्यात काही वाईट नाही. वाईट आहे ते त्याला अस्सल म्हणून विकणे.

पण पुढच्या खेपेला कोणी खरोखर जुने दिसणारे पान दाखवले, तर काय पाहाल? मी आधी उजेडाकडे धरून पाहतो. हातकागदात जाळीच्या तारांच्या रेघा दिसतात. फोलिओ आकाराच्या पानात त्यातल्या दूरदूरच्या ठळक रेघा उभ्या असतात आणि जलचिन्ह पानाच्या मध्यावर येते. तेही प्रत्येक पानावर नाही, कारण ताव एकदा दुमडून दोन पाने होतात आणि चिन्ह त्यातल्या एकाच अर्ध्यावर. कॅक्स्टनचा कागद खंडातून यायचा. इंग्लंडमध्ये कागद बनवला तो जॉन टेटने, हर्टफर्डजवळच्या गिरणीत, १४९० च्या दशकात. त्याचे चिन्ह वर्तुळातला आठ टोकांचा तारा. तो तारा असलेल्या कागदावर कोणी कॅक्स्टन म्हणून सांगू लागला तर तिथेच हात जोडावेत. कॅक्स्टन १४९१-९२ च्या सुमारास गेला होता.

मग बोट फिरवतो. खिळ्याचा दाब कागदात किंचित रुतलेला असतो आणि भिंगाखाली शाई अक्षराच्या कडेला दाबून बाहेर सरकलेली दिसते. फोटोवरून दगडावर उतरवून छापलेल्या नकला सपाट असतात. १८७७ मध्ये त्या वचनसंग्रहाची अशी एक नक्कल निघाली होती. बाजारात तिची सुटी पाने हिंडतात.

पण दाबावरही पूर्ण भरवसा नको. लंडनचे खिळे ओतणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८५५ मध्ये कॅक्स्टनच्या अक्षरांचे नवे खिळे पाडून बुद्धिबळाचे पुस्तक छापले. तिथे दाब खराच असतो. अशा नकलांसाठी उजवा समास बघा. कॅक्स्टनच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ओळी उजवीकडे सारख्या केलेल्या नाहीत. १४८० च्या आसपास तो त्या सारख्या करू लागला. मोठी आद्याक्षरे लाल किंवा निळ्या शाईत हाताने काढलेली असतात, आणि कधी ती काढायची राहून गेलेली, नुसती रिकामी जागा. आजच्यासारखे शीर्षकपान शोधू नका, ते नसते.

सगळ्यात अवघड गाठ पडते ती जॉन हॅरिसशी. एकोणिसाव्या शतकातला हा गृहस्थ जुन्या ग्रंथांची हरवलेली पाने लेखणीने अशी हुबेहूब काढायचा की ब्रिटिश म्युझियममधल्या लोकांनाही आपलेच पान कुठले ते कळेना. शेवटी त्याला पानावर सही करायला सांगितले. अशा माणसाला मी खोटारडा म्हणायला तयार नाही. ग्रंथ पुरा करणे एवढेच त्याचे काम होते, विकताना गप्प राहणारे दुसरे होते.

अस्सल सुटे पान सामान्य माणसाला मिळूच शकत नाही असे नाही. १९०५ मध्ये शिकागोच्या कॅक्स्टन क्लबने कॅक्स्टनवर एक पुस्तक काढले. त्याच्या शंभराहून जास्त प्रतींत ‘कँटरबरी टेल्स’च्या एका अपुऱ्या प्रतीचे एकेक खरे पान घातले होते. अशा पानाला वंशावळ असते. ज्याला ती नाही ते मी घेत नाही. ग्रंथ फोडून पाने वाटणे मला पसंत नाही, पण ती प्रत आधीच अपुरी होती, एवढेच समाधान.

आणि अकस्मात सापडतातही. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक पान ओळखले गेले. सॅलिसबरी पद्धतीच्या धर्मविधींच्या पुस्तकातले, १४७६-७७ च्या सुमाराचे. दुसऱ्या एका ग्रंथाची पाठ मजबूत करायला ते चिकटवलेले होते. १८२० मध्ये केंब्रिजच्या ग्रंथपालाने ते सोडवून काढले होते, पण ते कॅक्स्टनचे आहे हे त्याला कळले नव्हते. याच पुस्तकाची कॅक्स्टनने एक छोटी जाहिरात छापली होती, इंग्रजी छपाईतली पहिली जाहिरात. वेस्टमिन्स्टरला लाल पट्ट्याच्या पाटीखाली या, पुस्तके स्वस्तात मिळतील, आणि शेवटी लॅटिनमध्ये विनंती की कृपया हा कागद फाडू नका. त्या चिठ्ठीच्या दोन प्रती उरल्या आहेत, एक ऑक्सफर्डला आणि एक मँचेस्टरला. पुस्तकाची मात्र पुरी प्रत कुठेच नाही, तुकडे आहेत.

किमतीचा अंदाज हवा म्हणून दोन आकडे देतो. ट्रॉयच्या पुस्तकाची एक प्रत १८१२ च्या रॉक्सबर्ग लिलावात १,०६० पौंड १० शिलिंगांना गेली आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. दुसरी एक प्रत २०१४ मध्ये लंडनला १०,८२,५०० पौंडांना गेली. तुमचे पान किती हजारांत आले ते तुम्ही लिहिलेले नाही. तेवढ्यात कॅक्स्टन येत नाही.

‘फ्रँकलिन प्रेस, लंडन’ असे लिहिलेले १७९४ चे तांब्याचे टोकन आहे, त्यावर लाकडी छापयंत्र आहे. हे कॅक्स्टनच्या यंत्राचे चित्र मानावे का? – नाणीसंग्राहक

मानू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुट्या तांब्याच्या नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपापली टोकने पाडली. त्यातलेच हे. त्यावरचे यंत्र बेंजामिन फ्रँकलिनच्या नावाशी जोडलेले. तरुणपणी तो लंडनच्या छापखान्यांत कामाला होता. भोवतीच्या लॅटिन ओळीचा अर्थ असा की विद्या अशी उगवते आणि स्वातंत्र्य असे वाढते. १७९४ साली, फ्रान्स पेटलेला असताना, हे तांब्यावर लिहायला छाती लागते. टोकन त्यासाठी ठेवा. यंत्र अठराव्या शतकातले आहे आणि ते नीट, ओळखू येईल असे काढले आहे. कॅक्स्टनचे म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी चित्रांपेक्षा हे प्रामाणिक.

मुलगी लंडनला शिकते. तिला एका दिवसात कॅक्स्टनचे काय काय बघता येईल? – एक वडील

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत चॅप्टर हाउसकडे जाताना भिंतीवर पाटी आहे, इथेच जवळ त्याने छापखाना मांडला म्हणून. शेजारच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये त्याला पुरले. तिथे १८८२ मध्ये मुद्रकांनी त्याच्या नावाची रंगीत काचेची खिडकी बसवली होती, टेनिसनच्या ओळींसह. दुसऱ्या महायुद्धात ती गेली. विंकिन द वर्डची आठवण ठेवायची तर फ्लीट स्ट्रीटवरचे सेंट ब्राइड चर्च. ग्रंथ बघायला ब्रिटिश लायब्ररी. सवड काढून मँचेस्टरला जॉन रायलंड्स लायब्ररीपर्यंत गेली तर उत्तम, कॅक्स्टनच्या पुस्तकांचा तिथला साठा फार मोठा आहे आणि इमारतही बघण्यासारखी.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मला कॅक्स्टनच्या छापखान्याचे मोठे चित्र काढायचे आहे. इंटरनेटवर मिळालेल्या चित्रांत यंत्रावर लोखंडी गरुड बसलेला आहे. तोच काढू का? – इयत्ता आठवी

गरुड उडवून लाव बाळा. तो कोलंबियन यंत्राचा. फिलाडेल्फियाच्या जॉर्ज क्लायमरने १८१३ च्या सुमारास ते यंत्र बनवले आणि नंतर लंडनला आणले. वजन तोलायला वर लोखंडी गरुड बसवला. लोखंडी यंत्रच मुळी १८०० च्या आसपास आले. तोवर सगळे लाकडी.

कॅक्स्टनच्या यंत्राचे त्या वेळचे चित्र उरलेले नाही, म्हणून शेजारच्या देशातून उसने घ्यायचे. छापखान्याचे सर्वात जुने ज्ञात चित्र फ्रान्समधल्या लिऑनचे, १४९९ चे. त्यात मृत्यूचे सांगाडे छापखान्यात शिरून कामगारांना ओढून नेत आहेत. सांगाडे वगळले तर बाकी सगळे तुझ्या कामाचे. डावीकडे जुळारी बसला आहे, समोर खिळ्यांची उतरती पेटी, हातात ओळ जुळवायची पट्टी, आणि लिहिलेला कागद वाचता यावा म्हणून उभा केलेला. मध्ये यंत्र. उजवीकडे पुस्तकविक्याचा गाळा. पॅरिसच्या बादियस या मुद्रकाने १५०७ पासून आपल्या पुस्तकांवर स्वतःच्या यंत्राचे चित्र छापले, तेही बघ.

यंत्र माणसापेक्षा उंच काढ. दोन जाड खांब, मध्ये मोठा स्क्रू, त्याला अडकवलेला लांब दांडा. दांडा ओढताना सगळा सांगाडा हलतो, म्हणून वरून छतापर्यंत लाकडी टेकू दे. हे टेकू बहुतेक चित्रकार विसरतात. यंत्रावर माणसे दोन. एक दांडा ओढणारा, दुसरा शाई लावणारा. रूळ काढू नकोस, रूळ फार पुढचा. शाई लावायला चामड्यात लोकर भरलेले, मुठीचे दोन गोळे असत, दोन्ही हातांत एकेक. कागद आदल्या दिवशी ओलावून ठेवलेला असतो, म्हणून यंत्राजवळ दाबून ठेवलेला ओलसर गठ्ठा दाखव आणि वर दोऱ्यांवर वाळत घातलेले ताव.

कॅक्स्टनला पाठमोरा काढ, म्हणजे चेहऱ्याचा वादच नको. आणि त्याला दांड्यापाशी उभा करू नकोस. तो दाराजवळ, गिऱ्हाइकाशी बोलताना. दाराबाहेर पाटी टांगायला विसरू नकोस, ढालीवर मधोमध एक उभा लाल पट्टा. रंग भरताना तेवढा लाल ठसठशीत ठेव, बाकी चित्र लाकूड, कागद आणि काजळी यांच्या रंगातच जाईल.